निर्दोष माणसाची तारीख

आमच्याकडं कुणी काही करून सवरून "मला काय कळत नव्हतं" म्हणू लागला, की लोक म्हणतात, "वेड घेऊन पेडगावला निघालाय." पेडगाव श्रीगोंद्याच्या बाजूला, भीमेच्या काठावर. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी ते बघितलेलं नाही, पण वेडाच्या सोंगाची वाट तिकडंच जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दादाच्या खटल्याचा निकाल लागला, तेव्हा पारावर हीच म्हण तोंडातोंडी फिरत होती.

दादा आमच्या भावकीतला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. पंचविशीच्या आसपास त्याचं बोलणं बदललं. रात्री उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवतंय म्हणायचा. देवरुषी झाला, अंगारे झाले, गाणगापूरला नेऊन महिनाभर ठेवून झालं. तालुक्याच्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. मनाच्या आजाराचा डॉक्टर असतो आणि तो जिल्ह्याला भेटतो, हे घरच्यांना कळेपर्यंत सुगी आली. एका पहाटे खळ्यावर झोपलेल्या नानांच्या डोक्यात त्यानं कुदळ घातली.

नाना त्याचे सख्खे थोरले चुलते. लहानपणी त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारे. कुदळ तिथंच टाकून दादा पारावर येऊन बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "आता पाणी प्या. आता काय भ्या न्हाई." गावाला त्यानं वाचवलं, अशी त्याची खात्री होती. आमचे आबा पोलीस पाटील. ठाण्याला वर्दी त्यांनीच दिली. गाडी येईपर्यंत दादा त्यांच्याशेजारी शांत बसून होता.

खटला दोन वर्षं चालला. वकील सरकारनंच दिलेला. भारतीय दंड संहिता 1860 ची. तिचं 84 वं कलम असं, की कृत्य करताना माणूस मनोविकलतेमुळं आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे, हे समजण्याच्या स्थितीतच नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही. आता नव्या न्याय संहितेत हेच 22 वं कलम झालंय. याचं मूळ इंग्लंडात. 1843 साली मॅक्नॉटन नावाच्या माणसानं तिथल्या पंतप्रधानांच्या चिटणिसाला गोळी घातली. सरकारपक्षाचे लोक आपल्या जिवावर उठलेत असं त्याच्या मनानं घेतलं होतं. तो वेडाच्या कारणावरून सुटला, देशभर गिल्ला झाला, आणि त्या गिल्ल्यातून न्यायाधीशांनी जे नियम घालून दिले, त्यांची सावली आपल्या कलमावर आहे. म्हणजे आमच्या पारावरचा संताप काही नवा नव्हता.

पण पेडगावची वाट वाटते तेवढी सोपी नाही. नुसता आजार असून भागत नाही. नेमक्या त्या घटकेला समज गेलेली होती, हे आरोपीच्या बाजूनं दाखवून द्यावं लागतं. आधीची वागणूक, घटनेची घटका, नंतरची वागणूक, सगळं तपासतात. पळून गेला का, हत्यार लपवलं का, खोटं बोलला का. दादानं यातलं काहीच केलं नव्हतं. गाणगापूरला नेल्याचे साक्षीदार होते, कैदेत असताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होती. न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं.

नानांची बायको, आमची नानी, निकालाला गेली नव्हती. मी डी.एड. करून नुकताच लागलो होतो, म्हणून निकालाचा कागद वाचून दाखवायला आबांनी मला तिच्याकडं धाडलं. मी वाचलं. ती चुलीतला जाळ मागं सारत म्हणाली, "त्यानं न्हाई मारलं म्हणतंय व्हय सरकार? मग माझं मानूस कुनी मारलं?"

या प्रश्नापुढं मोठमोठी पुस्तकं गप्प बसतात असं वाटेल, पण कायदा इथं गप्प बसलेला नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 334 वं कलम न्यायालयाला बजावायचं, की वेडाच्या कारणावरून कुणाला सोडलंत, तर त्यानं ते कृत्य केलं की नाही हे निकालात स्पष्ट लिहा. दादाच्या निकालातही तसं लिहिलेलं होतं. मी ती ओळ पुन्हा वाचली आणि सोपी करून सांगितली, "नानी, मारलं दादानंच. कोर्ट म्हणतंय, हात त्याचा होता, मन त्याचं नव्हतं."

नानी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिवलंय नव्हं तसं? मग ऱ्हाऊंदे." तिला शिक्षा हवी होती की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. पण जे घडलं ते घडलं असं कुणीतरी शिक्क्यानिशी म्हणावं, एवढं तिला नक्की हवं होतं. निर्दोष म्हणजे घडलंच नाही असं नव्हे. कृत्य आणि दोष या दोन गोष्टी आपण बोलताना एकाच दावणीला बांधतो. त्या सोडवून दाखवणं हे त्या कलमाचं मोठं काम आहे.

खरा पेच पुढं आहे. गावाला वाटलं, सुटला म्हणजे संध्याकाळच्या यष्टीनं येणार. लोकांनी दारांना नवे कोयंडे लावले. दादा आला नाही. तेव्हाच्या 335 व्या कलमाप्रमाणं अशा माणसाला न्यायालय सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगायचं, नाहीतर कुणी नातेवाईक जामिनकी घेऊन पुढं आला तर त्याच्या हवाली करायचं. पुढं कुणी आलं नाही. दादा मनोरुग्णालयात गेला. महाराष्ट्रात सरकारी चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यातल्या एकात.

तिथं किती वर्षं? निकालात आकडा नव्हता, आणि असूही शकत नव्हता. त्याच सुमारास शेजारच्या गावातल्या एकाला बांधावरून झालेल्या खुनात जन्मठेप लागली. त्याच्या घरचे बोटं मोजत होते. किमान 14 वर्षं भोगली की सुटकेचा विचार होतो, मधे पॅरोलवर येतो, लग्नकार्याला दिसतो. तो दोषी, म्हणून त्याला मोजायला काहीतरी होतं. दादा निर्दोष, म्हणून त्याला तारीख नव्हती. हे कोडं मी शाळेत मुलांना गणित शिकवताना कितीदा मनात घोळवलं असेल.

शिक्षा केलेल्या गोष्टीवर मोजतात. दादाला ठेवलं होतं ते पुढं काय करील या भीतीवर, आणि भीतीला माप नसतं. शिक्षा नाही, उपचार आहे, असं म्हणायचं. पण दार बाहेरून लावलेलं. मग ते दार कधी उघडायचं, हे कुणीतरी ठरलेल्या वेळी, समोर बसून, विचारलंच पाहिजे. नाहीतर माणूस बरा होतो आणि कागद मात्र आजारीच राहतो.

हे उगाच म्हणत नाही. 1982 साली बिहारमधल्या हजारीबागच्या तुरुंगातल्या कैद्यांबद्दल एक पत्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. मनोविकल म्हणून ठेवलेली ती माणसं. काहीजण बरे होऊनही वीस वर्षांहून जास्त काळ आतच, कारण सोडा म्हणणारा हुकूम कुणी काढलेला नव्हता. न्यायालयानं त्यांना घरी धाडायला सांगितलं. आसामात तर एक माणूस 1951 पासून 2005 पर्यंत, 54 वर्षं आत राहिला. त्याचा खटलाच चालला नव्हता. 1967 मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचं कळवलं होतं, तरी त्याला घराऐवजी तुरुंगात पाठवलं गेलं. यात कुणी दुष्ट होतं असं नाही. विचारणारा कुणी नव्हता, एवढंच.

कॅनडात 1992 पासून यासाठी प्रत्येक प्रांतात मंडळ आहे. अशा माणसाची साधारणपणे वर्षाला एकदा सुनावणी होते. समोर न्यायाधीशाच्या तोलाचा अध्यक्ष, मानसोपचारतज्ज्ञ. माणसाचा वकील हजर. गेलेल्याच्या घरच्यांनाही आपलं दुःख लेखी मांडता येतं. तीनच वाटा: पूर्ण सोडायचं, अटींवर सोडायचं, किंवा ठेवून घ्यायचं. आणि लोकांना मोठा धोका आहे असं दिसत नसेल, तर सोडावंच लागतं. तिथंही घरचे म्हणतात, दरवर्षी खपली काढता. ते खरंच आहे. पण खपली निघते म्हणून दार कायमचं बंद ठेवावं, असं म्हणता येत नाही.

आपल्याकडं तेव्हा मनोरुग्णालयाच्या अभ्यागतांपैकी दोघांनी हा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा न करता राहील असा दाखला द्यायचा, आणि राज्य सरकारनं हुकूम काढायचा, अशी रीत होती. दादाच्या बाबतीत तो दाखला अकराव्या वर्षी झाला. मग पोलिसांकडून आबांना विचारणा आली, की गावाचं म्हणणं काय?

चावडीवर माणसं जमली. कुणी म्हणालं, "आमची ल्हानी पोरं हायती." कुणी म्हणालं, "गोळ्या हायत तवर ठीक, गोळ्या सुटल्या की?" ही काही अडाण्यांची बडबड नव्हती. गोळ्या सुटल्या की हा आजार उलटू शकतो, हे डॉक्टरच सांगतात. मनाचा आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला बोट लावत नाहीत, हेही तेच सांगतात. पण आमच्या गावानं नानांचं खळं बघितलं होतं. भीती खरी होती.

आबांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अकरा वर्सात त्याला बगायला कोन गेलंय?" सगळे गप्प. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जाणारी एकटी आक्का, दादाची थोरली बहीण. आबा म्हणाले, "मग गावाचं भ्या लिवतो, गावाचं मत न्हाई लिवत. मत द्यायला मानूस म्हाईत असाया लागतं." त्यांनी अहवालात तसंच लिहिलं: गावाला भीती आहे; त्याची आजची अवस्था गावातल्या कुणी पाहिलेली नाही. मला वाटतं, अशा कुठल्याही सुनावणीत भीतीला एवढीच जागा असावी. तिला बसायला पाट द्यावा, निकाल तिच्या हातात देऊ नये.

मग आबा नानीकडं गेले, मी बरोबर होतो. तिला विचारणं कायद्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. आबांना ते करावंसं वाटलं. नानी म्हणाली, "माझ्या उंबऱ्याम्होरं त्यानं येऊ नये. आन उपाशी मरू नये." बास. माफ केलं म्हणाली नाही, आणि आम्हीही ते तिच्याकडं मागितलं नाही. मागायचा अधिकार कुणाला होता? दादाच्या सुटकेसाठी तिच्या माफीची गरज नव्हती, आणि तिच्या दुःखासाठी दादाच्या कैदेची. कॅनडातल्या मंडळांच्या अटींत असंच काही असतं, की अमुक घराजवळ जायचं नाही, औषध चुकवायचं नाही, अमुक ठिकाणी राहायचं. नानीनं ते दोन वाक्यांत सांगितलं होतं.

सही आक्कानं केली. सही म्हणजे अंगठा. त्या कागदात तीन गोष्टी असतात: त्याची नीट काळजी घेईन, त्याच्याकडून कुणाला इजा होऊ देणार नाही, आणि बोलवाल तेव्हा हजर करीन. दादा आमच्या गावी आलाच नाही. आक्काच्या सासरी, तालुक्याच्या पलीकडं राहिला. गोठा बघायचा. रोज रात्री जेवल्यावर आक्का गोळी द्यायची आणि जीभ उचलून दाखवायला सांगायची. महिन्याला एकदा त्याला घेऊन जिल्ह्याला. यष्टीभाडं तिचं, बुडालेला रोज तिचा, आणि रात्री जरा खुट्ट झालं की उठून बसणं तिचंच. मी एकदा तिला म्हणालो, "आक्का, फार केलंस." ती म्हणाली, "मी करीन रं. माझ्या माघारी?"

तिच्या या प्रश्नाला आबांकडं उत्तर नव्हतं, कलमांत तर नाहीच. सरकारनं त्याला ठेवलं तेव्हा भार सगळ्यांचा होता. सोडलं तेव्हा तो एका बाईच्या अंगठ्याखाली आला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जिल्ह्यासाठी किंवा काही जिल्ह्यांसाठी मिळून पुनरावलोकन मंडळं सांगितली आहेत. त्यांत जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष आणि डॉक्टर तर आहेतच. शिवाय दोन जागा अशा, की तिथं आजार भोगलेला माणूस, त्याची देखभाल करणारा, किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेचा माणूस बसावा. हे वाचलं तेव्हा मला आक्का त्या खुर्चीत दिसली. "धोका आहे का?" हा डॉक्टरांचा प्रश्न झाला. तिनं विचारलं असतं, गोळी कोण देणार, गाडीभाडं कोण देणार, देणारा आजारी पडला तर कोण?

आक्का जाऊन आता सहा वर्षं झाली. गोळी तिची सून देते. तिनं कुठल्याच कागदावर अंगठा दिलेला नाही. दादा सत्तरीला टेकलाय, हात थरथरतात, चार शब्दांच्या वर बोलत नाही. नानी गेली तेव्हा त्याला कळवलं होतं. दोन दिवस जेवला नाही म्हणे, पण आला नाही. तिची अट त्यानं तिच्या माघारीही पाळली. समज म्हणतात ती हीच असेल, तर ती त्याच्याकडं परत आलेली होती. आणि ती आली आहे की नाही हे विचारायला मधल्या अकरा वर्षांत कुणीतरी दरसाल त्याच्यासमोर बसायला हवं होतं.