टपाला भोक

मी बँकेत क्लार्क आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाला हात लावतो, पण बोट उमटू देत नाही. अशा माणसाने स्वतःच्या गाडीच्या टपाला पाऊण इंचाचं भोक पाडावं की नाही, हा नैतिक प्रश्न गेले दोन महिने माझी झोप खातो आहे.

भोक कशाला, म्हणाल. तर मी हॅम आहे. (या शब्दावरून आमच्या शाकाहारी मेव्हण्याने दोन दिवस अबोला धरला होता.) हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेला हौशी रेडिओवाला. १९९३ च्या किल्लारीच्या आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते, त्यामुळे हे अगदीच खेळणं नव्हे. हातातला सेट गाडीच्या लोखंडी पेटीत बसून धड बोलत नाही, म्हणून अँटेना बाहेर लागते. दोन मीटरच्या लहरींना तिच्या पावपट, म्हणजे अर्ध्या मीटरची काडी पुरते. पण काडी हे अर्धंच अंग. उरलेलं अर्धं अंग म्हणजे तिच्याखालचा पत्रा. म्हणून काडी टपाच्या मधोमध रोवावी, हे शास्त्र. आता व्यवहार.

लोहचुंबकाची बैठक मिळते. ठेवली की बसली, उचलली की निघाली. मला ती चालू खात्यासारखी वाटली. भोक म्हणजे मुदत ठेव. आणि काम ती उत्तम करते, खोटं कशाला बोला! पण चुंबकाखाली धूळ शिरून रंग खरवडते. केबल दाराच्या रबरात चेपत आत येते, आणि पावसाळ्यात तिचं बोट धरून पाणीही येतं.

तिसरी बैठक डिकीच्या दाराच्या कडेला चिमट्यासारखी बसते. भोक नाही. फक्त तिचे बारीक स्क्रू आतल्या बाजूने रंग फोडून पत्र्यात रुततात. रुतायलाच हवेत, त्याशिवाय पत्र्याशी विद्युत संबंध जुळत नाही. म्हणजे इजा होतेच, फक्त ती दिसत नाही. माझी पहिली पसंती अर्थातच हिला होती. बँकेत वीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार?

शिवाय आरसी बुकावर अजून बँकेचं नाव आहे. तारण मालाला भोक! आणि बी.कॉम. माणसाला भोक दिसतच नाही हो, घसारा दिसतो. मी हिला सांगितलं, “भोक पडलेली गाडी उद्या कोण घेणार?”

“कोण घेणार आहे?”

“घेईल कोणीतरी. सात-आठ वर्षांनी.”

“म्हणजे माझ्या पगारातून निम्मा हप्ता जातो, तो त्या माणसाची गाडी सांभाळायला?”

यावर मला बाबा आठवले. ब्लॉक घेतला तेव्हा त्यांनी भिंतीला एक खिळा मारू दिला नाही. “उद्या विकायचा झाला तर?” कॅलेंडर खिडकीच्या गजाला, घड्याळ कपाटावर टेकवलेलं, आरसा खुर्चीत बसवलेला. पाहुणा आला की आधी आरशाला उठवावं लागे. आई आयुष्यभर वाकून कुंकू लावत आली. तो गिऱ्हाईक काही आला नाही. त्या भिंतीत पहिला खिळा ठोकला तो बाबांच्या फोटोसाठी. मीच ठोकला. टवका उडाला, तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, “बाबा ओरडतील.” आई तिथेच उभी होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक खिळा मागितला, आरशासाठी.

तर गेल्या रविवारी डेंटिंगवाल्याकडे गेलो. त्याने टेप लावून टप मोजला, मधोमध खडूने फुली मारली, आतलं छताचं कापड खाली घेतलं, ड्रिल हातात धरलं आणि विचारलं, “साहेब, पाडू?”

मी हिच्याकडे बघितलं. ही दुकानाच्या पाटीकडे बघत होती.

“पुढच्या रविवारी,” मी म्हणालो.

फुली अजून टपावर आहे. काल गाडी धुणारा मुलगा ओलं फडकं घेऊन तिच्यापर्यंत पोचला, तर मी गॅलरीतून केवढ्यांदा ओरडलो! “अरे, तिला हात लावू नकोस!”