घासल्याने नेमके काय उजळते

ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्यांनी पूर्वपक्षाच्या, म्हणजे ज्याचे खंडन करायचे आहे त्या मताच्या, तोंडी आरशाचा दाखला घातला आहे. घासण्याच्या क्रियेने आरशाची झळाळी जशी प्रकट होते, तसा आत्म्याचा झाकलेला मोक्ष कर्माने प्रकट होतो, असे ते मत. आजच्या वाचकाला या दाखल्याची धार जाणवत नाही, कारण त्याच्या डोळ्यासमोर काचेचा आरसा येतो, आणि त्यावरची धूळ फडक्याने पुसली की काम संपते. प्राचीन आरसा मात्र धातूचा असे (केरळात आरन्मुळा येथे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा आजही ओतून, घोटून तयार होतो). त्याचा पृष्ठभागच काळवंडे, आणि तो उजळायचा म्हणजे थोडा झिजवावाच लागे. पुसणे आणि झिजवणे यांतला हा फरक मोटारीच्या ओरखडलेल्या हेडलाईटइतका स्वच्छ दाखवणारी वस्तू आज दुसरी क्वचितच सापडेल.

हेडलाईटच्या पुढच्या भागाला सर्रास 'काच' म्हणतात, पण ती काच नसते. अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांच्या गोल दिव्यांना खरी काच होती. अमेरिकेत १९८३ साली नियम बदलून प्लास्टिकच्या भिंगांना वाट मिळाली, आणि पुढे पॉलिकार्बोनेट हे हलके, सहसा न फुटणारे, हव्या त्या आकारात ओतता येणारे प्लास्टिक सगळीकडे रूढ झाले. ते मऊ असल्यामुळे कारखान्यातच त्यावर कठीण पारदर्शक लेप चढवतात. उन्हातील अतिनील किरणांनी आधी हा लेप विरतो, मग खालचे प्लास्टिक पिवळे पडू लागते, आणि उडणारी वाळू व कोरड्या फडक्याने केलेली पुसापुशी यांनी त्यावर चरे उठतात. दुरुस्त करणारा कारागीर भोवतीच्या रंगाला टेप लावतो, पाणी मारत आधी ८०० नंबरचा वॉटर पेपर फिरवतो, नंतर १५००, २००० आणि ३००० नंबरचा, कारण नंबर वाढतो तसा पेपरवरचा कण बारीक होतो. पहिल्या पेपरनंतर भिंग पूर्वीपेक्षाही दुधाळ दिसते, आणि मालक शेजारी उभा असेल तर त्याचा धीर सुटतो तो इथेच. जाणता कारागीर प्रत्येक पेपरला घासण्याची दिशा बदलतो, म्हणजे आडव्या रेघांमध्ये एखादी उभी रेघ उरली असेल तर मागच्या टप्प्याचे काम अपुरे राहिल्याचे लगेच कळते. शेवटी कंपाउंड लावून बफ फिरवला की भिंग पारदर्शक होते.

या खटाटोपात चरा कोठेही भरला जात नाही. त्याच्या तळापर्यंत सभोवतालचा पृष्ठभागच खाली आणला जातो, आणि तेथे जे नवे चरे पडतात ते इतके सूक्ष्म असतात की सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दृश्य प्रकाशाला त्यांची फारशी अडचण होत नाही. 'स्वच्छ' या शब्दाचा अर्थ येथे निर्दोष असा नसून, ज्या कामासाठी वस्तू आहे त्या कामाला दोष आड येत नाही, एवढाच आहे. मीमांसकांची संस्काराची कल्पना याच्या फार जवळ जाते, कारण ज्यायोगे एखादी वस्तू एखाद्या प्रयोजनाला योग्य होते तो संस्कार, असे शबरस्वामी मानतात. पुढे संस्काराचे दोन प्रकार सांगितले जातात, दोषापनयन म्हणजे दोष काढणे आणि गुणाधान म्हणजे नवा गुण घालणे. टूथपेस्टने घासून हेडलाईट चमकवण्याचा घरगुती उपाय पहिल्यावरच थांबतो. भिंग त्या दिवशी लखलखते, परंतु उघडे पडलेले प्लास्टिक उन्हात पूर्वीपेक्षाही लवकर पिवळे होते, म्हणून जुना लेप पूर्ण काढल्यावर नवा चढवणे भागच असते. आवरण म्हटले की ते दूर करायचे, अशी सवय जडलेल्या विचाराला हे थोडे अडचणीचे आहे, कारण येथे आवरणावाचून पारदर्शकता टिकत नाही.

वेदान्तात अज्ञानाच्या दोन शक्ती मानतात. आवरणशक्ती वस्तू झाकते, आणि विक्षेपशक्ती नसलेले काही पुढे उभे करते, जसा दोरीवर साप. क्रम असा की दोरी आधी झाकली जाते आणि मग साप दिसतो. ओरखडलेल्या भिंगात हा क्रम उलटतो: चरे प्रकाश वाटेल तसा विखुरतात, म्हणजे शब्दशः विक्षेप करतात, आणि त्या विखुरण्यामुळेच रस्त्यावर पुरेसा प्रकाश न पडून अंधार उरतो. शिवाय विखुरलेला प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. दृष्टान्ताने सिद्धान्त मोडत नाही हे खरे, तरी दोषाची झळ दोष असणाऱ्यापुरती राहत नाही, ही गोष्ट आरशाच्या उपमेत कधी दिसत नव्हती.

आचार्यांनी पूर्वपक्षाला दिलेले उत्तर असे की क्रिया आपल्या आश्रयात बदल घडवल्याशिवाय राहत नाही, आणि आत्मा बदलतो म्हटले तर तो अनित्य ठरेल. म्हणून आत्मा घासून उजळण्याजोगा नाहीच. हेडलाईटच्या भाषेत, वॉटर पेपर भिंगावर फिरतो, बल्बला त्याचा स्पर्शही होत नाही. भिंग येथे उपाधी आहे, म्हणजे जवळ असल्यामुळे आपले गुण दुसऱ्यावर लादणारी वस्तू, जसे जास्वंदीच्या सान्निध्याने स्फटिक लाल भासतो. मात्र एवढ्यावरून घासणे व्यर्थ ठरत नाही, आणि अद्वैतानेही ते व्यर्थ म्हटलेले नाही. कर्माचे क्षेत्र चित्तशुद्धी हे आहे, मोक्ष नव्हे, इतकीच त्याची मर्यादा आखली आहे. बल्ब शाबूत असल्याचा निर्वाळा समोरून दिपून गेलेल्या सायकलस्वाराला देणे हा तत्त्वज्ञानाचा उपयोग म्हणता येणार नाही.

आक्षेप उरतो तो अनित्यतेचा. कर्माने मिळालेले फळ झिजते, या वेदान्त्याच्या युक्तिवादाला नवा लेप चोख पुरावा देतो, कारण हाताने मारलेला लेप सहसा मूळच्या लेपाइतका टिकत नाही, आणि दर खेपेस भिंगाचा थोडा भाग पाण्याबरोबर वाहून जातो. कारागिराने याच्या उलट दावा कधी केलेलाही नसतो. पैसे घेतानाच तो सांगतो की गाडी सावलीत लावा.