गोठ्याबाहेरची तयारी

बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातून एक प्रकरण गेलं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. एनसीईआरटीच्या पुस्तकात अन्नउत्पादन वाढवण्याच्या उपायांवर एक प्रकरण होतं. त्यात दुभत्या जनावरांची निगा होती, कुक्कुटपालन होतं, जवळच्या नात्यातल्या पैदाशीचे फायदे-तोटे होते. बिकानेरी मेंढ्या आणि मरिनो नर यांच्या संकरातून पंजाबात तयार झालेली हिसारडेल मेंढी होती. एका चांगल्या गाईकडून एका वेळी अनेक अंडी मिळवून, त्यांचे गर्भ दुसऱ्या गाईंच्या पोटात वाढवण्याचं तंत्रही होतं. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचं ओझं कमी करताना हे प्रकरण वगळलं गेलं. पुढे २०२४ च्या नीटच्या अभ्यासक्रमातूनही ते गेलं. पोरांच्या दृष्टीने काही पानं कमी झाली. पण याच नीटच्या गुणांवर महाराष्ट्राचे पशुवैद्य निवडले जातात, आणि पशुपालनावरचं होतं नव्हतं ते प्रकरण त्याच परीक्षेतून गेलं.

नागपूरकरांना खरं तर हे आधी खटकायला हवं होतं. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय याच शहरात आहे. परळचं १८८६ चं जुनं महाविद्यालय, परभणी, उदगीर, शिरवळ ही सगळी त्याच्या छत्राखाली. राज्यातल्या पशुवैद्यकांचं माहेर म्हणावं ते हे गाव. पण इथे धरमपेठेत किंवा नंदनवनात कुठल्याही क्लासच्या जिन्यात उभं राहून विचारा, पशुवैद्यक व्हायची तयारी कशी करतात? उत्तर एकच मिळेल: नीटची करतात तशीच. तीन तास, १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले ३६० जीवशास्त्राचे. एमबीबीएसवाला, दातांचा, आयुर्वेदाचा आणि गुरांचा असे सगळे डॉक्टर एकाच चाळणीतून पडतात. फरक पडतो तो कोण कितव्या भोकातून पडला एवढाच.

अमेरिकेत हे असं नाही. तिथे पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, आणि त्यात शिरणारे बहुतेक विद्यार्थी आधी पदवी घेऊन आलेले असतात. त्या पदवीच्या वर्षांत रसायनशास्त्र, जीवरसायन, संख्याशास्त्र असे ठरावीक विषय करायचे. शिवाय पशुवैद्याच्या हाताखाली, गोठ्यात, तबेल्यात किंवा प्राणी-निवाऱ्यात काम करून त्याच्या तासांची नोंद अर्जात दाखवायची. अठराव्या वर्षी ‘मला प्राणी आवडतात’ म्हणणाऱ्याला बाविसाव्या वर्षापर्यंत ते सिद्ध करायला वेळ मिळतो. ही पद्धत जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणणार नाही. चार अधिक चार अशी आठ वर्षं पोराला शिकवायची ऐपत काटोल-कुहीच्या किती घरांत आहे? तिकडची मुलंही ही पदवी डोक्यावर मोठं कर्ज घेऊनच मिळवतात. आपला साडेपाच वर्षांचा रस्ता, म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता, गरिबाला परवडणारा आहे. तो लांबवायचं काहीच कारण नाही.

पण मग मधल्या काळाचं काय करायचं? आपल्याकडेही पदवीचे वर्ग भरतातच, फक्त भलत्या कामासाठी. नीटमध्ये गुण कमी पडले की बीएस्सीला प्राणिशास्त्र घेऊन नाव टाकायचं आणि पुढच्या नीटला बसायचं. वर्ष फुकट जायला नको, हे घरच्यांचं पालुपद. यातली काही मुलं तीन वर्षं पुरी करतात. ऊतिशास्त्र, शरीरक्रिया, अनुवंशशास्त्र शिकतात. हे सगळं पशुवैद्यकाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात लागणारंच आहे. तरी प्रवेशाच्या वेळी त्या तीन वर्षांची किंमत शून्य. पदवीधरालाही पुन्हा अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून वाक्यं घोकून सतरा वर्षांच्या पोरांशेजारी बसावं लागतं.

पहिल्या वर्षी काय होतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. शरीररचना, शरीरक्रिया आणि पशुधन व्यवस्थापन हे त्या वर्षाचे मुख्य विषय. हाडं पाठ होतात, कारण पाठ करायची सवय असते. अडतं ते जनावराजवळ गेल्यावर. गाईच्या कोणत्या बाजूने जायचं, हात आधी कुठे ठेवायचा, दावं मनगटाला का गुंडाळायचं नाही, मागचा पाय झाडायच्या आधी ती अंग कसं आखडते, हे कुठल्याही बहुपर्यायी प्रश्नात बसत नाही. पुढच्या वर्षांत गाभण तपासणी येते. गाय खोड्यात, विद्यार्थिनीच्या हातात खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा. आधी शेण काढायचं. मग आतडं आकुंचन पावतं आणि मनगट असं आवळतं की बोटं बधिर होतात. जोर लावायचा नाही, लाट ओसरेपर्यंत थांबायचं. खाली कुठेतरी गर्भाशयाचं घट्ट मुख हाताला लागलं की तिथून पुढे वाट सापडते. पहिल्या काही वेळा तर काहीच लागत नाही. बाहेर गुरुजी विचारतात, ‘काय सापडलं?’ पोरगी खरं सांगते, ‘सर, शेण.’ ज्या मुलांनी घरी कोठ्यात काम केलेलं असतं ती इथे पटकन पुढे जातात आणि जन्मभर फ्लॅटमध्ये वाढलेली मागे राहतात, असं सरसकट म्हणता येणार नाही. एमबीबीएस हुकलं म्हणून नाइलाजाने आलेली मुलंही पुढे उत्तम पशुवैद्य झालेली मी पाहिली आहेत. माझं म्हणणं एवढंच, की त्यांचं उत्तम होणं आपण नशिबावर सोडलं आहे.

नागपुरात याला आणखी एक पदर आहे. इथे येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या डोळ्यांसमोर वाघ असतो. पेंच, ताडोबा हाकेच्या अंतरावर, गोरेवाड्यात २०२१ पासून प्राणिउद्यान. वाघाला बेशुद्ध करणाऱ्या डॉक्टरचं छायाचित्र पेपरात येतं. वार अडकलेल्या म्हशीजवळ रात्री दोन वाजता बसलेल्या डॉक्टरचं येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातलं पशुधन सुमारे ३ कोटी ३० लाख भरलं. पदवीधरांपैकी बहुतेकांचा जन्म त्यांच्यातच जाणार आहे: लाळ्या-खुरकताची लस, घटसर्प, पोटफुगी, कासदाह, गाभण न राहणारी कालवड. वाघ पाहून आलेल्या मुलाला हे चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

याच मुलखात न शिकताच हे सगळं येणारी माणसंही होती, आहेत. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ गाय आणि नागपुरी म्हैस ज्यांनी सांभाळली ते गवळी, धनगर, गोवारी. गावचा गायकी, म्हणजे गुराखी, सकाळी आखरावर शंभर ढोरं गोळा करताना बसल्या जागी सांगायचा, ‘तुमची ते बांडी आज रवंथ करून नाही राह्यली.’ काचेसारखा सोट दिसला, रात्रभर हंबरली, की मालकाच्या आधी त्याला माज कळायचा. याच गोवारींपैकी ११४ जण २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानसभेच्या अधिवेशनावर मोर्चा घेऊन आले असताना नागपूरच्या रस्त्यावर चेंगराचेंगरीत मेले. मागणी होती अनुसूचित जमातीच्या सवलतींची. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये त्यांचा दावा मान्य केला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो फेटाळला. मधल्या काळात झालेल्या प्रवेशांना आणि मिळालेल्या नोकऱ्यांना तेवढं संरक्षण दिलं. आरक्षण कुणाला, हा प्रश्न या लेखाचा नाही. पण पिढ्यानपिढ्या गुरं वळणाऱ्याच्या पोराला गुरांच्या डॉक्टरकीच्या दारात त्या ज्ञानाबद्दल अर्धा गुणही मिळू नये, हे मला विपरीत वाटतं.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे अनुभवाला गुण द्या. तो मला मान्य नाही. आपल्याकडे अनुभवाला गुण ठेवले की सहा महिन्यांत अनुभवाचे दाखले विकत मिळू लागतील, आणि ते घेणारी पोरं गायक्याची नसतील. कृषी पदवीच्या प्रवेशात सातबाऱ्यावर अधिकचे गुण देण्याची पद्धत आपण पाहिली आहे. सातबारा जमीन दाखवतो. ज्याची जमीनच नाही, ज्याने दुसऱ्याचीच ढोरं चारली, त्याच्या पदरात त्यातून काय पडणार?

करायचं ते दोन ठिकाणी करता येईल. पहिलं, पदविकेचा पूल. दहावीनंतर पशुसंवर्धनाची पदविका घेतलेली, खेड्यात लसी टोचणारी, कृत्रिम रेतन करणारी मुलं आज तिथेच थांबतात. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात, त्यापलीकडे नाही. आणि मग पदवीधर विरुद्ध पदविकाधारक हे जुनं भांडण धुमसत राहतं. पॉलिटेक्निकच्या पोराला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जागा मिळते. पशुवैद्यकातही पदविकाधारकांना, तसंच प्राणिशास्त्राच्या पदवीधरांना, थोड्या जागा राखून, वेगळी परीक्षा घेऊन आत घ्यायला हरकत काय? दर्जा घसरेल अशी भीती असेल तर परीक्षा कडक घ्या. पण ती गाईजवळ घ्या.

दुसरं काम महाविद्यालयांच्या हातातलं. ब्रिटनमध्ये मुलं शाळेतूनच पशुवैद्यकाला येतात, आपल्यासारखीच. पण दवाखान्यातल्या शिक्षणाआधी त्यांना सुट्ट्यांमध्ये कित्येक आठवडे शेतांवर, गोठ्यांत, मेंढ्यांच्या विण्याच्या हंगामात राबावं लागतं. आपल्या अभ्यासक्रमात महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावरचं काम आहे, पण ते तासिकेपुरतं. गाय समजायला ती पहाटे धार देताना, दुपारी कंटाळलेली आणि व्यायला झालेली अशी सगळी पाहावी लागते. नीट मे महिन्यात होते, प्रवेशाच्या फेऱ्या रेंगाळत रेंगाळत पाऊस संपवतात. एवढ्या महिन्यांत पोरं मोबाईलवर कटऑफ बघत बसतात. प्रवेश पक्का झाल्याबरोबर पुस्तक उघडायच्या आधी एक महिना प्रक्षेत्रावर मुक्काम, धारेच्या दोन्ही वेळा हजेरी, शेण काढण्यापासून सुरुवात, एवढं तर विद्यापीठाला उद्यापासून करता येईल. वर्षभराची आंतरवासिता शेवटी आहेच. तिच्यातला महिनाभर तरी सुरुवातीला आणा.

हे सगळं व्हायचं तेव्हा होईल. तोवर पालकांना एक विनंती. प्रवेशाचं ठरवताना पशुवैद्यक हा पर्याय आयुर्वेदाच्या वर ठेवायचा की खाली, यावर घरात रात्र जागवू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटा आणि परवानगी घेऊन मुलाला किंवा मुलीला आठ दिवस सकाळी तिथे पाठवा. फिरतीवर जाताना त्यांनी गाडीवर मागे बसवलं तर उत्तमच. आठव्या दिवशी पोरगं ‘हे मला जमणार नाही’ म्हणालं, तर त्याचं ऐका. ‘उद्या पण जाऊ?’ म्हणालं, तर तो पर्याय बिनदिक्कत पहिल्या क्रमांकावर ठेवा.