निवृत्तिनाथांचा शोक

समाचाराला गेलं की ठरलेली वाक्यं आपोआप तोंडी येतात. 'सुटले हो, फार भोगलं.' 'आता तुम्हीच धीर धरायला हवा.' एखादे जाणते गृहस्थ आत्म्याच्या अमरत्वावरही दोन शब्द बोलतात. हेतू चांगलाच असतो. पण समोरच्याला त्यातून असं ऐकू येतं की, तू रडतोस म्हणजे तुला अजून पुरतं कळलेलं नाही. हे मला मान्य नाही, आणि याबाबतीत माझा आधार निवृत्तिनाथ आहेत.

आत्मा मरत नाही, शोक कशाला, हे मराठीत सर्वांत सुंदर सांगितलं ज्ञानदेवांनी. 1290 साली नेवाशाला त्यांनी गीतेवर टीका सांगितली ती निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून. थोरला भाऊ हाच गुरू. अर्जुनाची समजूत घालणारा दुसरा अध्याय त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार? पुढे 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत तो सगळा प्रसंग आला आहे. त्यात निवृत्तिनाथ कोसळतात. काही केल्या त्यांचं मन आवरत नाही. आईवडील सोडून गेले तेव्हाही इतकं कठीण वाटलं नव्हतं, असं ते म्हणतात. आईवडील गेले तेव्हा ही चारही भावंडं लहान होती आणि गावाने वाळीत टाकलेली होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या म्हणण्याचं वजन कळतं. पुढच्या काही महिन्यांत सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताबाई तापीकाठी गेल्या. सगळ्यांना निरोप देऊन शेवटी, त्र्यंबकेश्वरी, थोरले गेले.

नामदेवांनी हा शोक झाकला नाही, याचं मला फार मोल वाटतं. गुरूची प्रतिमा जपायची म्हणून तो गाळता आला असता. उलट त्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठलही व्याकूळ होतो. निवृत्तिनाथांचं ज्ञान तसूभरही कमी झालेलं नव्हतं. भाऊ मात्र गेला होता. आजही त्या तिथीला आळंदीत नामदेवांच्या वंशजांचं कीर्तन होतं, समाधीवर फुलं उधळली जातात आणि दूरदूरच्या गावांहून आलेले वारकरी डोळे पुसत उभे असतात.

आपल्या घरांत मात्र शोकाला तेराव्यापर्यंतचीच मुभा असते. तोवर माणसांचा राबता असतो, शेजारून पिठलं-भात येतो, कोण कुठे झोपणार याचीच विवंचना असते. तेराव्याचं गोड जेवण झालं की पाहुणे बॅगा भरतात. खरं जाणं त्यानंतर जाणवायला लागतं. बँकेतल्या अर्जावर नावामागे पहिल्यांदा 'कै.' लिहावं लागतं, तेव्हा हात थबकतो. नेमकं तेव्हाच जवळ कुणी नसतं.

म्हणून शेजारच्या काकूंकडे मी मुद्दाम महिन्याभराने गेले. फ्रिजवर काकांच्या गोळ्यांची वारांची डबी तशीच होती. बुधवारपर्यंतचे खण रिकामे, गुरुवारपासूनचे भरलेले. मुलगा ती टाकून द्यायला निघाला होता म्हणे. काकू म्हणाल्या, "राहू दे गं. दिसली की बरं वाटतं." मी काही समजावलं नाही. एवढंच विचारलं, "काका तुम्हाला बघायला आले होते, तेव्हा काय झालं होतं हो?"

मग काकू कितीतरी वेळ बोलत राहिल्या. कांदेपोह्यांत मीठच पडलं नव्हतं आणि काकांनी ते मुकाट्याने संपवले होते, ही हकिगत मला नवी होती. मध्येच रडल्या, मध्येच पदर तोंडाशी धरून हसल्या. निघताना मला दारात थांबवून म्हणाल्या, "रविवारी ये. नगरच्या बदलीचं सांगायचं राहिलंच."