सौजन्य की व्यापार?

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली एका दुकानदाराचे उदाहरण दिले. हा दुकानदार अजाण बालकाकडूनही रास्तच दाम घेतो. परंतु त्यामागे गिऱ्हाईक टिकविण्याचा हेतू असेल, तर ते कृत्य योग्य असूनही त्यास नैतिक मोल नाही, असे कांटचे म्हणणे.

येथे एक घटना आठवते. अमेरिकेतील नॉर्डस्ट्रॉम कंपनी कपडे व पादत्राणे विकते. १९७५ साली तिने अलास्कातील काही दुकाने विकत घेतली. त्यांपैकी फेअरबँक्सच्या दुकानात एक ग्राहक टायर परत करावयास आला. ते त्याने पूर्वीच्या मालकाकडून घेतले होते. नव्या कंपनीने टायर कधी विकलेच नव्हते. निराश होऊन परतणे एवढेच त्याच्या नशिबी दिसत होते. परंतु विक्रेत्याने त्याचे म्हणणे ऐकले, अन्यत्र किमतीची चौकशी केली आणि पैसे त्याच्या हाती ठेवले.

पुढे या प्रसंगाने कंपनीचा मोठा लौकिक झाला. मग हे सौजन्य की व्यापार? कंपनीपुरती कांटची शंका रास्तच आहे. पण त्या क्षणी विक्रेत्यासमोर लौकिक नव्हता. एक अडलेला माणूस होता.

वाचकहो, आपलेही हेतू क्वचितच निर्भेळ असतात. ते शुद्ध होईपर्यंत आपण थांबलो, तर दारी आलेला ताटकळतच राहील. म्हणून साहाय्य आधी करावे. हेतूची परीक्षा मात्र जो पुन्हा कधीच येणार नाही, अशा गिऱ्हाइकापाशी घ्यावी.