पात्रांचे पाप कोणाच्या माथी?

द्यूतसभेतील अधर्म वर्णिला म्हणून दुःशासनाचे पाप महर्षी व्यासांच्या माथी मारण्यास कोणी धजणार नाही. मग आधुनिक लेखकांस निराळा न्याय का? गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) नाटकातील तळीराम मद्याची तरफदारी अशा चातुर्याने करतो की प्रेक्षक हसत राहतात. पण त्याच प्याल्यापायी सिंधूचा संसार धुळीस मिळतो. तळीरामाची वाणी हे गडकऱ्यांचे मत नव्हे. तथापि लेखक सर्वस्वी मोकळा सुटतो, असेही आम्ही मानीत नाही. कृत्याचा जाब पात्राने द्यावा. त्या कृत्याकडे वाचकास कोणत्या दृष्टीने पाहावयास लावले, याचा जाब लेखकाने. व्यासांनी द्रौपदीचा प्रश्न दडपला नाही, गडकऱ्यांनी सिंधूचे दुःख झाकले नाही. आमच्या मते, लेखकाची खरी कसोटी हीच होय.