वर्दी, वस्ती आणि कर्म

सोनपेठच्या पोलीस ठाण्याची पायरी चढताना छातीत धडधड का होते? समोरच्या जमादाराने तोंडही उघडलेले नसते, तोच ‘हे सगळे सारखेच’ असा निकाल आपण देऊन मोकळे होतो. तिकडे तोही आपले आडनाव आणि वस्ती ऐकून मनात नोंद करतो. माणूस दोघांनीही पाहिलेला नसतो.

पण दोघांच्या चुकीचे वजन सारखे नाही. आपला ग्रह मनात राहतो. त्याचा काठीत उतरतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण नजरेतला गेला काय? आपल्याच परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागून धरपकड झाली. वस्तीत शिरून सरसकट मारहाण केल्याची तक्रार लोकांनी केली. अटकेतले सोमनाथ सूर्यवंशी हे वडार समाजातील, कायद्याचे शिक्षण घेणारे तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत वारले. या मृत्यूप्रकरणी पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असा आदेश जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण वस्ती पाहून गुन्हेगार ठरविणे म्हणजे जन्म पाहून अस्पृश्य ठरविणेच नव्हे काय?

मग आपण काय करावे? अंगुलिमालाला पकडायला प्रसेनजित राजा पाचशे घोडेस्वार घेऊन निघाला होता. भगवंतांनी त्याला भिक्षू झालेला अंगुलिमाल दाखविला. राजा आधी घाबरला, पण त्याचे आजचे आचरण पाहून त्याने त्याचा आदर केला. श्रावस्तीच्या लोकांनी मात्र त्याच भिक्षूला दगड मारले. त्यांना जुनाच माणूस दिसत होता.

म्हणून कर्म पहा. ठाण्यात ताठ मानेने जा. अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा विचारा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. अटक झाल्यास कारण सांगणे, वकिलाला भेटू देणे आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे संविधानाच्या कलम २२ ने बंधनकारक आहे. ज्याने अन्याय केला त्याच्या नावाने लेखी तक्रार करा. ज्याने नीट ऐकून घेतले त्याचे नावही वस्तीत सांगा. आपलीही मुले आज खाकी घालतात. त्यांना घरचेच परके मानू लागले तर ती कोणाची राहतील?

आणि मायमाऊल्यांनो, रडणाऱ्या लेकराला ‘पोलिसाला देईन’ म्हणू नका. वर्दीला भिणारे मूल मोठेपणी तिला प्रश्न विचारू शकत नाही.